गुलमर्ग की औली? पहिल्यांदाच स्की करणाऱ्या गोव्यातल्या कुटुंबासाठी

साखळी_बाजार
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आठ दिवसांची रजा जुळली आहे. आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६६, रक्तदाबाची गोळी चालू). नुसते बर्फात फोटो काढून परतायचं नाही. सासूबाई सोडून आम्हा तिघांना स्की शिकायचं आहे. काश्मीरमधलं गुलमर्ग की उत्तराखंडातली औली, इथे गाडी अडली आहे. बर्फाची खात्री कुठे जास्त, जाण्यायेण्यात किती दिवस जातील, नवशिक्यांची सोय कुठे बरी आणि सासूबाईंना कुठे झेपेल, एवढं कळलं तर तिकिटं काढता येतील. विमान मोपाहून घेऊ, आम्हाला तेच जवळ.

चोर्ला_घाट
ताई, आठच दिवस असतील आणि खरंच शिकायचं असेल तर गुलमर्ग. कारणं लिहितो, म्हणजे नंतर कुणी टूरवाल्याने दुसरं काही सांगितलं तर ताडून बघता येईल.

पहिलं कारण बर्फ. गुलमर्गचं गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि पश्चिमेकडून येणारे हिवाळी ढग पीर पंजाल या डोंगररांगेवर आधी आदळतात. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटर, म्हणजे उंचीत फार फरक नाही. पण ते ढग गढवालपर्यंत पोचेतो बरेच हलके झालेले असतात. औलीत राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलण्याची किंवा रद्द करण्याची वेळ आलेली आहे. मात्र गुलमर्गलाही शंभर टक्के खात्री कुणी देऊ नये. जानेवारी २०२४ मध्ये तिथली कुरणं जवळजवळ महिनाभर कोरडी होती, बर्फ महिनाअखेरीस पडला. त्यामुळे तुम्ही निवडलेला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा योग्य आहे. २१ डिसेंबरला सुरू होणारा चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, म्हणजे काश्मिरातला सर्वांत कडक थंडीचा काळ, तोवर संपलेला असतो, थंडीची धार थोडी उतरते आणि जमिनीवर थर साचलेला असतो.

दुसरं कारण रस्ता. श्रीनगर विमानतळापासून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर, सगळा घाट, आणि तिथून वर औली आणखी १४-१५. आठ दिवसांतले चार दिवस गाडीत घालवायचे असतील तरच औली.

तिसरं कारण लोकांना माहीत नसतं आणि तिथे पोचल्यावर कळतं. जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा प्रसिद्ध रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचली तेव्हापासून बंद आहे. जुन्या लेखांत आणि टूरच्या जाहिरातींत तो अजून दिसतो. त्याच्या भरवशावर जोशीमठात हॉटेल घेतलं तर रोज सकाळ-संध्याकाळ बर्फाळलेल्या रस्त्याने गाडी करावी लागते.

जुवारी
चोर्लाबाब, रस्त्याचं आणि रोपवेचं बरोबर आहे, पण औलीला इतक्या लवकर मोडीत काढू नका.

नवशिक्याला औलीचा उतार फार सोयीचा. एकच मुख्य उतार, तोही बराचसा एकसंध, बाजूला सुमारे ८०० मीटरची चेअरलिफ्ट. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते डोळ्यांना दिसतं. चुकून भलत्या दरीत उतरण्याचा प्रश्नच येत नाही. गढवाल मंडळ विकास निगम, म्हणजे जीएमव्हीएन, तिथे ७ आणि १४ दिवसांचे स्कीचे वर्ग चालवतं. राहणं, जेवण, साहित्य आणि शिक्षक एकत्रच ठरतं, दारात येऊन भाव करणारं कुणी नसतं. गुलमर्गला गाडीतून उतरल्या उतरल्या स्लेजवाले, गाईड आणि बूट भाड्याने देणारे असा घोळका भोवती जमतो. पहिल्यांदा गेलेल्या माणसाला त्याचा ताण येतो.

शिवाय समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर. हवा स्वच्छ असेल तर दिवसभर नजरेसमोर.

बर्फ तयार करण्याची यंत्रंही औलीत आहेत. २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी खेळ डेहराडून आणि औलीत झाले, त्यासाठी ती बसवली आणि पाण्यासाठी वर कृत्रिम तलाव केला.

चोर्ला_घाट
यंत्रांवर विसंबू नका. बर्फाची तोफ चालायला हवेचं तापमान साधारण शून्याच्या खाली लागतं. हवा कोरडी असेल तर उणे दोन-तीनला भागतं, दमट असेल तर आणखी खाली जावं लागतं. पाण्याचा बारीक फवारा जमिनीवर पडायच्या आत गोठायला हवा, नाहीतर चिखल होतो. म्हणजे ज्या उबदार हिवाळ्यात नैसर्गिक बर्फ पडत नाही, नेमक्या त्याच हिवाळ्यात तोफाही नीट चालत नाहीत. दोन-चार गार रात्री मिळाल्या तर उताराचा एखादा पट्टा झाकला जाईल, बस्स.

वर्गाबद्दल मात्र जुवारींशी सहमत. चौदा दिवस मोकळे असणाऱ्या एकट्या-दुकट्या तरुण माणसाने औलीचा वर्ग करावा. इथे सासूबाई आणि मूल बरोबर आहेत आणि रजा आठ दिवसांची, म्हणून माझं मत बदलत नाही.

सरकारी शिक्षण गुलमर्गलाही आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग तिथलीच. तिच्या वर्गाच्या तारखा आधी जाहीर होतात आणि जागा लवकर भरतात. तारखा जुळल्या नाहीत तर खासगी शिक्षक घ्या, पण घेताना विचारा: कुठल्या संस्थेत शिकलात, लहान मुलांना शिकवता का, एका वेळी किती जण घेता. तुमच्या तिघांत एकच शिक्षक असेल तर मुलाला रोज एक तास स्वतंत्र मिळेल असं आधीच ठरवून घ्या. मोठ्यांच्या वेगाने मूल कंटाळतं आणि मुलाच्या वेगाने मोठे पडतात.

केपे_तिठा
प्रवासाचं मी सांगतो.

गोव्याहून दिल्लीमार्गे श्रीनगर हा नेहमीचा मार्ग, पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने सकाळची उड्डाणं तासन्‌तास रखडतात आणि पुढचं विमान हुकतं. फेब्रुवारीत धुकं कमी होतं, संपत नाही. मुंबईमार्गे भाव फार वेगळा नसेल तर मुंबई घ्या, तिथून श्रीनगरला थेट विमानं आहेत. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी काढली आणि पहिल्याला उशीर झाला तर दुसरी कंपनी हात वर करते.

श्रीनगरला बर्फ किंवा कमी दृश्यमानता असली की सकाळची विमानं रद्द होतात, दुपारची बरीचशी निघतात. म्हणून येताना दुपारचं विमान, आणि शेवटची रात्र गुलमर्गला न काढता श्रीनगरात. टंगमर्ग ते गुलमर्ग हा वरचा १३ किलोमीटरचा तुकडा एका रात्रीच्या बर्फाने बंद होतो. विमानाच्या दिवशी सकाळी वर अडकलात तर विमान हुकतं.

परतताना विमानतळावर तीन तास आधी पोचा. मुख्य इमारतीच्या बऱ्याच अलीकडे सगळं सामान गाडीतून उतरवून तपासतात, मग आत पुन्हा तपासणी. सेल, पॉवर बँक हातातल्या बॅगेत आणि वरच ठेवा.

श्रीनगरहून येणारी साधी टॅक्सी बर्फ असेल तर टंगमर्गला थांबते. तिथून चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकं ओढणारी स्थानिक गाडी करावी लागते. हा खर्च श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याच्या भावात धरलेला नसतो. भाव ठरवताना 'टंगमर्गपर्यंत की हॉटेलच्या दारापर्यंत' एवढं स्पष्ट विचारा.

मोबाईल: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. तुमच्यापैकी एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या, तेही निघायच्या दोन-तीन आठवडे आधी. आणि रोख ठेवा. नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं.

सुरक्षेचं: एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधली बरीच पर्यटनस्थळं काही काळ बंद होती. निघण्याआधी प्रशासनाच्या सूचना बघा आणि हॉटेलचं आरक्षण रद्द करता येईल असंच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

रेल्वेने जायचं असेल त्यांच्यासाठी: मडगावहून योगनगरी ऋषिकेशला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे, औलीवाल्यांना ती उपयोगी. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही सुरू आहे, पण आठ दिवसांत गोव्याहून रेल्वेने काश्मीर जमणार नाही.

तिसवाडी
सासूबाईंबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते.

आपण समुद्रसपाटीवरची माणसं. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे कुणालाही होऊ शकतं. वय किंवा तब्येत बघून ते ठरत नाही. पणजीत सकाळी चहा पिऊन संध्याकाळी २,६५० मीटरवर झोपायचं, हे शरीराला अचानक होतं. म्हणून पहिली रात्र श्रीनगरात, सुमारे १,६०० मीटरवर काढा. (औलीला जाणाऱ्यांनी त्याच कारणाने पहिली रात्र जोशीमठात.) गुलमर्गला पोचलात त्या दिवशी पळापळ नको. पाणी भरपूर, दारू नाही, झोपेची गोळी नाही.

उंचीवर आणि थंडीत सुरुवातीचे दिवस रक्तदाब चढतो. निघण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि तीन गोष्टी विचारा: गोळीचा डोस तोच ठेवायचा का, ती लघवी वाढवणारी गोळी आहे का, असल्यास पाणी किती प्यायचं, आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची गरज आहे का. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. डायमॉक्स मनाने सुरू करू नका. घरातलं रक्तदाबाचं यंत्र बरोबर न्या, रोज सकाळी एकाच वेळी मोजा.

गोंडोलाचा, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेचा, पहिला टप्पा गुलमर्ग ते कोंगडोरी. तिथली उंची सुमारे ३,१०० मीटर. दोन-तीन दिवस वर राहून झालं असेल, रक्तदाब ताब्यात असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर सासूबाईंना तिथवर नेऊन तासाभरात खाली आणता येईल. दुसरा टप्पा थेट अफरवट शिखराच्या खांद्यावर जातो, जवळजवळ ३,९५० मीटर. तिथे त्यांना नेऊ नका. दहा-बारा मिनिटांत आठशे मीटर चढतो आपण, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

वयस्कर माणसाची खरी भीती उंचीपेक्षा हॉटेलच्या दारातल्या घसरणीची. सकाळी पायऱ्यांवर पारदर्शक बर्फ असतो, दिसतही नाही. भाड्याचे गमबूट त्यावर सरळ घसरतात. बुटाच्या तळाला ओढून बसवायचे रबरी खिळेपट्टे ऑनलाइन मिळतात, ते त्यांच्यासाठी घ्याच. चालताना पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकवून, हात खिशाबाहेर.

आणि सर्वांना: ताज्या बर्फावरून अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत उसळतो, शिवाय दर हजार मीटरला किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला आणि कानांच्या मागे सनस्क्रीन लावा, तिथेच लोक भाजतात. ढग असले तरी गॉगल काढायचा नाही.

साखळी_बाजार
सगळ्यांचे देव बरें करूं. गुलमर्ग जवळजवळ ठरलं. आता दोन शंका. एक, साहित्य विकत घ्यायचं की भाड्याने? दोन, तीन-चार दिवसांत आम्ही त्या गोंडोलाने वर जाऊन स्की करत खाली येऊ शकू का? मुलाने व्हिडिओ बघून तेच डोक्यात घेतलंय.

चोर्ला_घाट
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि मुलाला हे इथूनच सांगून न्या.

गुलमर्गचा जगभर बोलबाला आहे तो अफरवटच्या मोकळ्या, न दाबलेल्या बर्फासाठी. तिथे आखलेली सोपी वाट नाही, गुडघाभर भुसभुशीत बर्फ असतो आणि हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. दोन्ही वेळा माणसं अनुभवी होती. स्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, आणि स्कीला गोडी असते तीही त्याच उतारांवर. तिथे उतरणारे अंगावर संदेशयंत्र, पाठीवर फावडं आणि शोधकाठी बाळगतात, कारण गाडलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं नाही तर वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते. गुलमर्गचं गस्ती पथक धोक्याची पातळी १ ते ५ अशी जाहीर करतं. ती पातळी वर उतरणाऱ्यांसाठी. तुम्ही खालच्या उतारावर शिका. दुसऱ्या टप्प्यावर तुम्ही दोघं आणि मुलगा पायी प्रवासी म्हणून जाऊन, बघून, त्याच गोंडोलाने परत या.

गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन काढा, ओळखपत्र लागतं. दुसरा टप्पा जोराच्या वाऱ्याने किंवा स्खलनाच्या धोक्याने कधीही बंद होतो. म्हणून तो शेवटच्या दिवसावर ढकलू नका. हवामान बघून मधला दिवस धरा आणि त्याच्यामागे एक दिवस राखीव ठेवा.

तुमचे शिकण्याचे दिवस गावातल्या बशीसारख्या मैदानात, जिथे उन्हाळ्यात गोल्फ खेळतात, त्याच्या कडेच्या उतारांवर जातील. तिथे ड्रॅग लिफ्ट आहे. तिच्यावर बसायचं नसतं, हे आधीच लक्षात ठेवा. दांडा मागून टेकतो आणि ढकलतो. नवखा माणूस खुर्ची समजून टेकतो, दोरी सैल पडते आणि तो तिथेच आडवा. गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं, स्की समांतर ठेवायच्या, पडलात तर दांडा सोडून लगेच बाजूला सरकायचं, मागून दुसरा येत असतो.

बाणस्तारी
साहित्याचं मी लिहिते.

स्की, बूट, काठ्या भाड्याने. हेल्मेटही भाड्याने मिळतं, पण मुलाच्या मापाचं मिळेलच असं नाही, म्हणून त्याचं विकत घ्या. हातमोजे, गॉगल आणि मोजे सगळ्यांचे स्वतःचे. भाड्याचे हातमोजे बहुतेकदा आतून ओले असतात.

बुटाचं माप घरूनच काढून न्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, सर्वांत लांब बोटासमोर खूण करा, सेंटीमीटरमध्ये मोजा. स्कीबुटाचं माप म्हणजे तोच आकडा. २६.५ सेंटीमीटर असेल तर २६.५. दुकानदार 'सैल घ्या, आराम वाटेल' म्हणेल. ऐकू नका. सैल बुटात पाय आत वळतो आणि स्की वळत नाही, मग माणूस घोट्याने जोर लावतो आणि नडगी सोलून निघते. बूट बरोबर बसला की सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतात, गुडघे पुढे वाकवले की टाच मागे जाते आणि बोटं सुटतात. टाच वर उचलता आली तर बूट मोठा. बंद करताना आधी नडगीजवळचा पट्टा आणि वरच्या कड्या, मग खालच्या. पायाच्या बोटांवरची कडी नुसती टेकवायची. मोजा एकच आणि पातळ. दोन जाड मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. मोज्याची सुरकुती, थर्मलचा काठ, काहीही बुटात जाऊ देऊ नका.

स्कीची लांबी: नवशिक्या मोठ्यांना उभी धरल्यावर हनुवटीपर्यंत, मुलाला छाती ते हनुवटीच्या मधे. लांब स्की दिली तर परत करा. स्कीच्या धारा गंजलेल्या आहेत का ते बोट न फिरवता, नखाने आडवं तपासा.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि भाड्याच्या दुकानांत तिथेच हयगय होते. पडल्यावर बूट स्कीपासून सुटायला हवा, नाहीतर गुडघा पिळतो. किती जोराला सुटायचं ते पुढच्या आणि मागच्या भागावरच्या खिडकीतल्या आकड्यावर ठरतं. तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून काढतात. मोठ्या नवशिक्याचा साधारण ३ ते ६ च्या मधे येतो, मुलाचा त्याहून कमी. दुकानदाराने तुमचं वजन विचारलं नाही आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही, तर आधीच्या गिऱ्हाइकाचाच आकडा तुमच्या पायाखाली आहे. दोन्ही पायांचा, पुढचा-मागचा, चारही आकडे बघा.

स्की घालताना बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीच्या टोकाने किंवा बाइंडिंगच्या कडेवर घासून काढा. बोटभर गोळा राहिला तरी बूट पूर्ण बसत नाही, 'खट्' आवाज येतो पण पकड अर्धीच असते आणि पहिल्याच वळणाला स्की सुटते. आधी पुढचं टोक अडकवायचं, मग टाच दाबायची. उतारावर असाल तर स्की उताराला आडव्या ठेवा आणि खालच्या बाजूची आधी घाला.

काठीचा पट्टा पहिल्या दिवसांत मनगटात अडकवू नका. पडताना काठी हातात राहिली की अंगठ्याच्या मुळाचा बंध तुटतो, फार नेहमीची दुखापत आहे ही.

जुवारी
पहिल्या दिवसाचा क्रमही सांगून ठेवतो, म्हणजे शिक्षक घाई करत असेल तर ओळखता येईल. आधी नुसते बूट घालून चालणं. मग एकाच पायात स्की घालून सपाटीवर ढकलत जाणं, दोन्ही पायांनी आळीपाळीने. मग दोन्ही स्की घालून उतार आडवा चढणं. पडून उठणं. त्यानंतर, जिथे पुढे आपोआप थांबायला सपाटी आहे अशा जागेवरून सरळ घसरणं. शेवटी टोकं जवळ आणि मागचा भाग पसरून वेग आवरणं. वळणं दुसऱ्या दिवशी. जो शिक्षक पहिल्या अर्ध्या तासात लिफ्टकडे नेतो, त्याला थांबवा.

वेग आवरत नाही याचं मुख्य कारण जवळजवळ नेहमी एकच: माणूस घाबरून मागे झुकतो. मागे झुकलं की स्कीची टोकं हलकी होतात, धार बर्फात रुतत नाही, आणि वेग उलट वाढतो. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला सतत टेकलेली हवी. दुसरं कारण, पाय बोटांनी पसरले जातात. जोर टाचांनी बाहेर लावायचा. अगदीच हाताबाहेर गेलं तर बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला बसकण मारा. समोर हात टाकून पडू नका.

दुपारी तीननंतर मांड्या थकतात. 'एकच शेवटची' म्हणून घेतलेल्या फेरीत गुडघे जातात. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास, एवढं पुरे.

केपे_तिठा
विमा घेणार असाल तर पॉलिसीतला वगळलेल्या गोष्टींचा परिच्छेद वाचा. बहुतेक साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात. 'विंटर स्पोर्ट्स' स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च त्यात हवा.

हॉटेलला फोन करून हेही विचारा: खोलीत उष्णतेची सोय कशी, बुखारी (खोलीतली शेगडी), वीज की मध्यवर्ती? वीज गेली तर जनरेटरवर हीटर चालतो का, की फक्त दिवे? सकाळी नळाला पाणी येतं का, की पाइप गोठतात? यांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरं हॉटेल बघा.

जेवणाची काळजी नको. काश्मीर भात खाणारा मुलूख आहे, गोव्यातल्या माणसाला दोन वेळा भात मिळतो. जोशीमठ यात्रेचं गाव, तिथे बहुतेक शाकाहारी.

साखळी_बाजार
बाणस्तारीताई, घरात जुने ट्रेकिंगचे बूट आणि जाकिटं आहेत, कपाटात बरीच वर्षं. तीच नेली तर चालतील ना?

बाणस्तारी
आजच बाहेर काढून तपासा, हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. गोव्याच्या दमट हवेत ट्रेकिंग बुटांचा मधला फोमचा तळ पॉलियुरेथेनचा असेल तर तो न वापरताही आतून विरतो. वरून बूट नवा दिसतो. अंगठ्याने तळाची कड जोरात दाबा, बूट हातात धरून दुमडा. भेगा पडल्या, चिकट लागलं किंवा भुगा सुटला तर तो बूट बर्फात पहिल्या दिवशीच तळ सोडेल. गोंदाने चिकटवून उपयोग नाही, फोमच गेलेला असतो.

जाकिटाची आतली बाजू उलटी करा. पाणी अडवणारा थर पापडासारखा सुटत असेल किंवा शिवणीवरची पट्टी निघत असेल तर ते फक्त वाऱ्यापुरतं. बुरशीचा वास आला तर आधी धुवून, पंख्याखाली पूर्ण वाळवून मग भरा. वर घालायचं जाकीट-पँट टंगमर्ग-गुलमर्गला भाड्याने मिळतं, त्यामुळे एवढ्यासाठी नवीन घेऊ नका. आतले थर मात्र स्वतःचे. अंगाला लागून लोकरी किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स काहीच नको. घामाने भिजलेलं सुत अंगावर वाळत नाही आणि लिफ्टसाठी उभे राहिलात की हुडहुडी भरते.

परत आल्यावर सगळं घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. हातमोज्यांचे आतले अस्तर ओढून बाहेर काढा, गॉगलचा फोम बाहेरच्या बाजूला ठेवून सावलीत दोन दिवस वाळवा, मग सुती पिशवीत घालून सिलिका जेलच्या पुड्यांसह वरच्या कप्प्यात. पुड्या जूनच्या आधी एकदा बदला.

साखळी_बाजार
बूट दाबून पाहिले, दोन्ही जोड्यांच्या कडा भुगा होऊन हातात आल्या. नवीन घेते. आराखडा असा करतेय, चुकलं असेल तर सांगा: पहिला दिवस मोपा-मुंबई-श्रीनगर, मुक्काम तिथेच. दुसरा दिवस गुलमर्ग, दुपारी फक्त बूट-स्कीची मापं. तिसरा, चौथा, पाचवा स्की. यांतला जो दिवस स्वच्छ निघेल त्या सकाळी गोंडोला, दुपारी शिकवणी. सहावा राखीव. सातव्या दिवशी दुपारी खाली श्रीनगरला. आठव्या दिवशी दुपारचं विमान.

तिसवाडी
एकच बदल. गोंडोला तिसऱ्या दिवशी नको, हवा कितीही स्वच्छ असली तरी. गुलमर्गची तेव्हा एकच रात्र झालेली असेल. चौथ्यापासून पुढे धरा.

चोर्ला_घाट
आराखडा बरोबर आहे. मापं घेऊन झाल्यावर तुमच्या स्कीवर दुकानदाराकडून नाव लिहिलेली चिकटपट्टी लावून घ्या आणि चारही बाइंडिंगच्या आकड्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दीत दुसरीच जोडी हातात दिली जाते, तेव्हा तो फोटो दाखवता येतो.